छायाप्रत

रायपूरच्या सदर बाजारात कागदाची किंमत कुणाला शिकवावी लागत नाही. दागिना घेताना सराफ वजन, टंच आणि मजुरी एका चिठ्ठीवर लिहून देतो. वीस वर्षांनी तीच चिठ्ठी घेऊन गेलात तर गादीवर बसलेला मुलगा बापाचं अक्षर ओळखतो आणि फारसं न विचारता भाव सांगतो. चिठ्ठी हरवली असेल तर दागिना काळ्या दगडावर घासला जातो, आणि घासता घासता तुमच्या चेहऱ्याकडेही एकदा बघून घेतलं जातं. माझी आजी दागिने कपाटात ठेवायची आणि चिठ्ठ्या तांदळाच्या डब्यात. चोर दागिने नेईल, पण चिठ्ठी राहिली तर दागिना आपला होता एवढं तरी सांगता येईल, हे तिचं गणित.

ही प्रस्तावना एका चित्रपटाची आहे, आणि तो चित्रपटही कागदाचाच आहे. इंडोनेशियाचा, नाव ‘पेन्यालिन चाहाया’. दिग्दर्शक व्रेगस भानुतेजा, आणि हा त्याचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. ऑक्टोबर 2021 मध्ये बुसानच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. त्याच वर्षी इंडोनेशियाच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला 12 चित्रा पुरस्कार मिळाले, आणि जानेवारी 2022 मध्ये नेटफ्लिक्सवरून तो जगभर पोचला. आमचा रायपूरचा पंधरा-वीस मराठी माणसांचा गट महिन्यातून एकदा जमून परभाषेतला एक चित्रपट बघतो. यावेळी आम्ही हा निवडला आणि सोबत ही छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं. प्रस्तावना माझ्याकडे आली, कारण चित्रपट सुचवला मी होता. सुचवणाऱ्याच्या गळ्यात काम पडतं, हा आमच्याकडचा नियम.

नावापासून सुरुवात करतो. ‘पेन्यालिन’ म्हणजे नक्कल उतरवून घेणारा, ‘चाहाया’ म्हणजे प्रकाश. प्रकाशाची नक्कल उतरवणारा, म्हणजे आपण ज्याला झेरॉक्स मशीन म्हणतो ते. आता गंमत अशी की हा ‘चाहाया’ मूळचा आपल्या संस्कृत ‘छाये’पासून गेलेला शब्द. छाया म्हणजे सावली हे आपल्याला पाठ असतं, पण संस्कृतात तिला कांती, झळाळी हाही अर्थ आहे. समुद्र ओलांडताना इंडोनेशियाने तो दुसरा अर्थ उचलला. आणि मराठी सरकारी कागदावर झेरॉक्सला शब्द कोणता? छायाप्रत. दाखल्यासाठी अर्ज भरताना ‘छायांकित प्रत जोडावी’ ही ओळ आपण शंभर वेळा वाचलेली असते. एकाच शब्दाची दोन टोकं, एक जकार्तात आणि एक आपल्या तहसील कचेरीच्या खिडकीत. पुराणातली छाया आठवा. सूर्याचं तेज सोसेना म्हणून संज्ञा घर सोडून गेली आणि जाताना आपली हुबेहूब नक्कल मागे ठेवून गेली. ती नक्कल म्हणजे छाया. चित्रपटातल्या मुलीचं नाव सुर्यानी आहे, दिग्दर्शकाच्या नावात भानूही आहे आणि तेजही, आणि ज्या नाटकमंडळीत ती काम करते तिचं नाव ‘माताहारी’, म्हणजे दिवसाचा डोळा, सूर्य. हे सगळं ठरवून केलं असेल की नाही कोण जाणे. मराठी कानाला मात्र ते लागल्यावाचून राहत नाही.

गोष्ट थोडक्यात सांगतो. शेवट आणि गुन्हेगार दोन्ही सांगणार नाही.

सुर्यानी, घरी-दारी ‘सुर’, शिष्यवृत्तीवर शिकणारी कॉलेजची मुलगी. आईवडील छोटी खाणावळ चालवतात. ती नाटकमंडळीची वेबसाइट तयार करते. नाटक स्पर्धेत जिंकतं, एका श्रीमंत घरी मेजवानी होते, ती प्रथमच दारू पिते आणि सकाळी जागी होते ती घरी. मधल्या रात्रीचं काहीही आठवत नाही. शिष्यवृत्तीच्या मंडळासमोर उशिरा पोचते, तर तिचे दारूच्या नशेतले फोटो तिच्याआधीच तिथे पोचलेले असतात. शिष्यवृत्ती जाते, बाप घराबाहेर काढतो. ती कॉलेजच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानात, आमीन नावाच्या मित्राकडे आसरा घेते आणि तिथूनच शोध सुरू करते: फोटो कुणी काढले, घरी कुणी आणलं, मधले तास कुठे गेले. मुलं मजकूर छापायला फोन मशीनला जोडतात, आणि ती त्या फोनमधलं सगळं उतरवून घेते.

इथे थांबायला हवं. हे ती चोरून करते. मित्रांचे खासगी फोटो, त्यांची आपसातली बोलणी, सगळं. आपल्यावर जे झालं असा तिला संशय आहे, थोड्या प्रमाणात तेच ती दुसऱ्यांवर करते. दिग्दर्शक तिची वकिली करत नाही, तिला पोथीतली सती-सावित्रीही करत नाही, आणि मला तेच या चित्रपटाचं बळ वाटतं. आपल्याकडच्या अशा चित्रपटांत मुलगी आधी इतकी निष्पाप दाखवायची की प्रेक्षकाला दया आलीच पाहिजे, ही रीत आहे. सुर तशी नाही. ती पार्टीला गेली, प्यायली, खोटं बोलली, चोरीही केली. एवढं करूनही तिच्यावर अन्याय झाला असू शकतो का? चित्रपटाचा प्रश्न एवढाच आहे. सोपा वाटतो, पण या प्रश्नावर आपल्या देशातल्या सर्वोच्च न्यायालयाचा पाय एकदा चांगलाच घसरला होता. तिकडे मी येतोच.

आधी आमच्या गल्लीतलं झेरॉक्सचं दुकान.

सदर बाजाराच्या मुख्य रस्त्यावर सराफांच्या पेढ्या. आत शिरलं की गल्ल्या अरुंद होत जातात. अशाच एका गल्लीच्या तोंडाशी हे दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. मशीन सुरू झालं की झाकणाच्या फटीतून हिरवट उजेडाची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सरकायची आणि दुकानदाराच्या बनियनवर उमटायची. जळक्या शाईचा वास. गुणपत्रिका, रेशनकार्ड, जमिनीचा बी-वन, दवाखान्याचे कागद. दुकानदार वाईट माणूस नव्हता. फक्त मशीन गरम होईपर्यंत हातातला कागद वाचायचा. सगळ्यांचेच वाचायचा. कुणाचं किती टक्क्यांवर अडलं, कुणाच्या वाटणीचा दावा चालू आहे, गल्लीला हे तिथूनच कळे.

मी कॉलेजात असताना आमच्या वर्गातल्या एका मुलीने एका शिक्षकाविरुद्ध अर्ज लिहिला. दोन पानांचा, स्वच्छ अक्षरात. एक प्रत आपल्याजवळ असावी म्हणून तिने त्याच दुकानात झेरॉक्स काढली. अर्ज कॉलेजात पोचायच्या आधी, म्हणजे त्याच संध्याकाळी, गल्लीत पोचला. दुसऱ्या दिवशी तिचे वडील कॉलेजात आले, अर्ज परत घेतला आणि ‘गैरसमजातून लिहिला गेला’ अशा अर्थाचं पत्र तिच्या हातून लिहवून घेऊन गेले. त्या पत्राची झेरॉक्स कुणी काढली नाही. गरजच नव्हती. पुढच्या सत्रात ती दिसली नाही. आम्ही, तिचे वर्गमित्र, काय केलं? काहीच नाही. दोन दिवस कुजबुजलो आणि परीक्षेला लागलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, म्हणतात ना. त्यात तोंड दाबणारा हात कुणाचा असतो हे म्हण सांगत नाही. बहुतेक वेळा घरच्याचाच असतो.

म्हणून चित्रपटात ते मशीन पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला धस्स झालं. आणि झालंही तसंच. ज्या दुकानात सुर पुरावा गोळा करते, त्याच दुकानातून मुलांच्या फोनमधलं काय काय बाहेर जात असतं हे तिला फार उशिरा समजतं. पुढे तिची तक्रार विद्यापीठाच्या समितीपुढे जाते. समितीतली माणसं राक्षस नाहीत; चहा पाजणारी, ‘बेटा’ म्हणण्याच्या पठडीतली माणसं. तक्रार गुप्त ठेवायचं वचन देतात आणि ती फुटते. समोरच्याकडे पैसा आहे, वकील आहे. शेवटी माफी मागायची पाळी येते ती सुरवर. कॅमेऱ्यासमोर. शेनिना सिनामन या नटीने हा प्रसंग ज्या कोरड्या चेहऱ्याने केला आहे, त्यासाठी तरी चित्रपट बघावा. रडली असती तर आपली सुटका झाली असती.

आता आपल्या इकडचं, वर म्हटलेल्या त्या न्यायालयाच्या निकालाचं. इंडोनेशिया लांब आहे. वडसा लांब नाही. रायपूरहून गाडीने गोंदियाला जायचं, तिथे चंद्रपूरकडची गाडी बदलायची, की वडसा. गावाचं कागदावरचं नाव देसाईगंज. आज ते गडचिरोली जिल्ह्यात येतं, पण तो जिल्हा झाला 1982 साली. त्याआधी सगळा चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, मुलूख. 1956 पर्यंत रायपूर आणि चांदा एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. आमच्या आजोबांच्या पिढीला दोन्हीकडची बदली सारखीच वाटायची. धान, मोह, तेंदूपत्ता, गोंड वस्त्या, साल सोडून साग लागतो एवढाच काय तो फरक.

26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एक आदिवासी मुलगी तिच्या भावाबरोबर आली होती. कायद्याच्या पुस्तकांत ती मथुरा या नावाने ओळखली जाते. वय डॉक्टरांच्या अंदाजाने 14 ते 16. मोलमजुरी करायची. जिथे कामाला जायची त्या घरातल्या एका मुलाशी तिचं लग्न करायचं घाटत होतं, म्हणून तिला पळवल्याची तक्रार भावाने दिली होती आणि जबाबासाठी सगळ्यांना बोलावलं होतं. रात्री साडेदहाच्या सुमाराला जबाब संपले, मंडळी निघाली. मुलीला थांबवून घेतलं. ठाण्यात दोघे होते, हवालदार तुकाराम आणि शिपाई गणपत. बाहेर तिची माणसं उभी. आतले दिवे गेले, दार बंद झालं. मुलगी बाहेर आली तेव्हा तिने काय झालं ते सांगितलं. गर्दी जमली, लोक ठाणं जाळायला उठले, तेव्हा कुठे तक्रार लिहून घेतली गेली.

माझ्या मनात राहतं ते हे: तक्रार लिहून घ्यायला गाव गोळा व्हावं लागलं. एका मुलीच्या शब्दावर कागद हलला नाही.

पुढचा प्रवास असा. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने 1 जून 1974 रोजी दोघांना सोडलं. मुलगी खोटारडी, तिला शरीरसंबंधाची सवय होती, तेव्हा हा तिच्या संमतीचाच मामला, असा एकूण सूर. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 12 ऑक्टोबर 1976 रोजी तो निकाल फिरवला. गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, पोलीस ठाण्यात दोन अनोळखी गणवेशधाऱ्यांपुढे पोर गप्प बसणार नाही तर काय करणार, हे त्या न्यायालयाला समजलं. गणपतला पाच वर्षं, तुकारामला एक वर्ष. आणि मग 15 सप्टेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडलं. अंगावर जखम नाही, म्हणजे प्रतिकार नाही. आरडाओरडा केल्याचं सिद्ध होत नाही, म्हणजे भीती नाही.

सराफाच्या कसोटीची गोष्ट मी वर केली ती उगाच नाही. काळ्या दगडावर घासायचं ते सोनं. पण या खटल्यात घासली गेली ती मुलगी, आणि कस लागला नाही म्हणून परत केली गेली. ज्यांच्यावर आरोप होता त्यांना दगडाजवळ कुणी नेलंच नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट. हा खटला कायद्याच्या ग्रंथांत ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने नोंदला गेला आहे. मराठी माणूस हे शीर्षक पहिल्यांदा वाचतो तेव्हा क्षणभर गोंधळतो. आपल्याला तुकाराम म्हटलं की दुसराच कुणी आठवतो. गोंधळ ओसरला की ध्यानात येतं, ज्या मुलीवर हे सगळं गुदरलं तिचं नाव शीर्षकात नाहीच. फौजदारी खटला सरकार आणि आरोपी यांच्यात चालतो. ती फक्त साक्षीदार. तिच्या हातात निकालाचा कागदही द्यावा असा नियम नव्हता.

तो निकाल एरवी कपाटात गेला असता. त्याला बाहेर काढलं ते चौघांनी: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धगमवार. चौघेही कायदा शिकवणारे. 16 सप्टेंबर 1979 रोजी, म्हणजे निकालाला वर्ष आणि वर एक दिवस झाल्यावर, त्यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती देणं यात फरक आहे की नाही? लग्नाआधी मुलीचा कुणाशी संबंध असेल, तर पोलिसांना तिच्याशी काहीही करायची मुभा मिळते का? निकालाचा पुन्हा विचार करा, हे मागणं. भाषा आदबीची, पण एकेक प्रश्न सुईसारखा.

त्या काळी गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्स नव्हती. टाइपरायटर, कार्बन कागद, सायक्लोस्टाइलचं निळं शाईमाखलं यंत्र. तरी पत्र फिरलं. वर्तमानपत्रांत आलं, कायद्याच्या नियतकालिकात छापलं गेलं, हातोहात गेलं. 1980 च्या सुरुवातीला मुंबईत बलात्काराविरुद्ध बायकांचा मंच उभा राहिला. नागपुरात सीमा साखरे आणि त्यांच्या सोबतच्या बायका उभ्या राहिल्या. 8 मार्च 1980 रोजी अनेक शहरांत मोर्चे निघाले. निकाल बदलला नाही, हे सांगून टाकतो. ते दोघे सुटले ते सुटलेच. पण 1983 मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीत किंवा तशाच ताब्यात असताना बलात्कार झाला, शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने संमती नव्हती असंच धरून चालायचं. पीडित स्त्रीची ओळख छापायला बंदी आली. अशा खटल्याची सुनावणी बंद दाराआड होऊ लागली. मात्र बाईचं चारित्र्य वाईट होतं असं दाखवून तिची साक्ष पाडायची सोय साक्षीपुराव्याच्या कायद्यात तशीच राहिली. ती जायला आणखी वीस वर्षं लागली.

एका कागदाने हे केलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. कागद एकच राहिला असता तर काही झालं नसतं. त्याच्या प्रती झाल्या, आणि प्रत्येक प्रत कुणीतरी पुढच्याच्या हातात दिली. ज्यांनी ती दिली त्यातल्या बहुतेकींनी देसाईगंज कधी पाहिलं नव्हतं. चित्रपटाचा शेवट मी सांगणार नाही असं म्हटलं आहे, म्हणून इतकंच म्हणतो: शेवटच्या दहा मिनिटांत तुम्हाला हे पत्र आठवेल.

चित्रपटात एक नाटक चालू असतं, मेडुसाचं. केसांच्या जागी साप असलेली, जिच्याकडे बघणारा दगड होतो ती ग्रीक बाई, आणि तिचं मुंडकं कापणारा वीर पर्सियस. रोमन कवी ओविडने सांगितलेली कथा अशी की मेडुसा आधी देखणी होती. समुद्रदेवाने तिच्यावर देवळात बळजबरी केली आणि देवळाची देवी रागावली ती तिच्यावरच. शिक्षा म्हणून साप तिच्या डोक्यावर आले. आपल्या अहल्येची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. कपट इंद्राचं, शिळा झाली अहल्या. दगड व्हायची पाळी कुणावर, एवढाच दोन्ही संस्कृतींत फरक. बाई शापित आहे हे दोन्हीकडे पक्कं.

चित्रपटातल्या धुराबद्दलही सांगायला हवं. इंडोनेशियात डेंग्यू फार. गल्लीगल्लीतून औषधाचा धूर सोडत माणसं फिरतात आणि भोंग्यावरून तीन सूचना देतात: साठलेलं पाणी काढा, भांडी झाका, भंगार पुरून टाका. चित्रपटभर हा भोंगा येत राहतो. काढा, झाका, पुरा. रायपुरात पावसाळ्यात महापालिकेची धुराची गाडी गल्लीत आली की पोरं तिच्यामागे पळतात आणि मोठी माणसं खिडक्या लावून घेतात. या चित्रपटानंतर मला तो धूर नुसता डासांचा वाटत नाही. झाका आणि पुरा, हे आपण डबक्यांपुरतं थोडंच ठेवतो.

शब्दांचंही तसंच. ‘विनयभंग’ हा आपला कायदेशीर शब्द घ्या. हात दुसऱ्याने टाकायचा आणि भंग व्हायचा तो हिच्या विनयाचा. जणू विनय ही काचेची बरणी, आणि ती सांभाळायची जबाबदारी हिची. ‘अब्रू लुटली’ तर त्याहून वाईट. अब्रू गेली म्हणजे सगळंच गेलं, मग न्याय मागायला उरली कोण? ‘छेडछाड’ म्हटलं की पोरखेळ वाटतो. आमच्या रायपूरच्या मराठीत हिंदी मिसळलेली. इथे ‘ऊँच-नीच हो गई’ म्हणून विषय मिटवतात. माझ्या आत्या तर आवाज खाली आणून नुसतं ‘तसलं काही’ म्हणायच्या. गुन्ह्याला नाव नाही तर तक्रारीत लिहायचं काय? या पुस्तिकेत आम्ही जाणूनबुजून ‘अत्याचार’, ‘लैंगिक छळ’, ‘बलात्कार’ हे शब्द जिथल्या तिथे वापरले आहेत. कानाला टोचतील. टोचू द्या.

आज चित्र वेगळं आहे का? कागदावर पुष्कळ. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 13 ऑगस्ट 1997 चा विशाखा निकाल न्यायमूर्ती जे. एस. वर्मांच्या खंडपीठाचा, वर्मा घडले ते मध्य प्रदेश उच्च न्यायालयात, ज्याच्या हद्दीत तेव्हा आपलं रायपूर होतं. डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीत चालत्या बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्कारानंतर कायदा सुधारायची समिती नेमली ती याच वर्मांची. त्यांनी महिन्याभरात अहवाल दिला. 2013 मध्ये कायद्यात संमतीची व्याख्याच आली, आणि शरीराने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येणार नाही हेही स्पष्ट लिहिलं गेलं. देसाईगंजच्या त्या मुलीला 1978 मध्ये हव्या असलेल्या या दोन ओळी, आल्या पस्तीस वर्षांनी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली तरी त्या तशाच आहेत. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. आणि इथल्या वाचकाला अभिमानाने सांगावी अशी गोष्ट: पीडित बाईला दवाखाना, पोलीस, वकील आणि निवारा एकाच छताखाली मिळावा म्हणून जी ‘सखी’ केंद्रं देशभर निघाली, त्यातलं पहिलं 2015 मध्ये रायपुरातच सुरू झालं. सदर बाजारात विचारून पाहा, किती जणांना ते माहीत आहे. मी विचारलं. साडीच्या दुकानाचं नाव असेल असं एकाने सांगितलं.

कॉलेजांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे नियम आहेत. प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती हवी, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत विद्यार्थीही हवेत, 90 दिवसांत चौकशी संपायला हवी, तक्रारदाराचं नाव बाहेर जाता कामा नये. इंडोनेशियातही चित्रपट आला त्याच सुमाराला, 2021 मध्ये, विद्यापीठांसाठी असा नियम झाला आणि 12 एप्रिल 2022 रोजी तिथल्या संसदेने लैंगिक अत्याचारविरोधी स्वतंत्र कायदा संमत केला. नियम कमी पडतात असं मला वाटत नाही. आमच्या वर्गातल्या त्या मुलीच्या वेळी नियम असता तरी झेरॉक्सवाल्याने अर्ज वाचलाच असता आणि वडिलांनी परत घेतलाच असता. कमी पडलो ते आम्ही चाळीस जण, जे बाकावर बसून होतो.

आता एक अडचणीची गोष्ट, जी लपवली तर ही प्रस्तावना खोटी ठरेल. चित्रपट नेटफ्लिक्सवर यायच्या तोंडावर, जानेवारी 2022 मध्ये, त्याच्या सहलेखकावरच लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला. निर्मात्यांनी जाहीर निवेदन काढलं आणि श्रेयनामावलीतून त्याचं नाव वगळलं. यावरून आमच्या गटात चांगलीच जुंपली. एक बाई म्हणाल्या, असा चित्रपट दाखवायचाच कशाला? दुसरे एक जण म्हणाले, नाव पुसलं म्हणजे झालं का, तीही एक तऱ्हेची झाकाझाकीच. मला दोघांचंही पटतं आणि तरीही मी चित्रपट दाखवावा या बाजूने हात वर केला. शेकडो माणसांनी मिळून केलेलं काम एका माणसाच्या खाती जमा करायचं नाही, हे एक कारण. दुसरं असं की हे माहीत असताना चित्रपट बघणं जास्त अस्वस्थ करणारं आहे, आणि या विषयावर स्वस्थ बसून काही बघू नये असं मला वाटतं. ज्यांना पटत नाही त्यांनी येऊ नये. त्यांचा निषेध आम्ही पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापला आहे. तोही वाचा.

चित्रपटात दोष आहेत. मधला अर्धा तास रेंगाळतो, गुप्तहेरकथेच्या नादात काही योगायोग पचत नाहीत, आणि खलनायक शेवटी नाटकी होतो, अगदी आपल्या जुन्या संगीत नाटकातल्यासारखा. पण आमीनचं काम करणारा चिको कुर्नियावन बघा. मित्र आणि विश्वासघातकी एकाच चेहऱ्यात कसे राहतात ते त्याने दाखवलं आहे. त्याला मिळालेला अभिनयाचा चित्रा पुरस्कार कुणाला खुपला नसेल. आणि सुरची आई बघा. संवाद मोजके, पण बापाने दार लावल्यानंतर ती जे करते ते आमच्या गल्लीत त्या वर्षी कुणी केलं नाही.

चित्रपट 130 मिनिटांचा आहे, मध्यंतर ठेवलेलं नाही. खाली मराठी ओळी येतील. त्या आमच्यातल्या तिघींनी केल्या आहेत, चुका त्यांच्या नव्हे, तपासणाऱ्याच्या, म्हणजे माझ्या. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना घेऊन या, मुलांना विशेषकरून. येताना प्रत्येकाने आपल्या कॉलेजच्या किंवा कचेरीच्या तक्रार समितीतल्या माणसांची नावं एका कागदावर लिहून आणावीत. नावं ठाऊक नसतील तर कोराच कागद आणा. दाराशी एक डबा ठेवलेला असेल, त्यात टाका.